उमेदवारी : खुर्चीची नव्हे, शिकण्याची

(विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मराठीत 'उमेदवारी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक निवडणुकीतला, तो लहान मुलासही ठाऊक असतो. दुसरा अर्थ अधिक जुना आणि आता मागे पडलेला. सुताराच्या, सोनाराच्या किंवा एखाद्या नामांकित वकिलाच्या हाताखाली अल्प मोबदल्यावर, प्रसंगी बिनपगारी राहून विद्या शिकून घेणे, यालाही आपल्याकडे उमेदवारी करणे असेच म्हणत. आज तिलाच 'इंटर्नशिप' असे नाव मिळाले आहे. आजचा विषय असा आहे, की जेथे शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात. तो विषय म्हणजे लोकशाही कारभार आणि शांततेची उभारणी या कामासाठी आंतरराष्ट्रीय विकास संस्थेत केलेली उमेदवारी.

राज्यशास्त्र, कायदा, समाजकार्य किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्या अनेक मराठी मुलामुलींना आज हे क्षेत्र खुणावते आहे. घरात मात्र प्रश्न उभा राहतो, 'यातून पुढे काय?' प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याही आधी विचारावयास हवा असा आणखी एक प्रश्न आहे : या उमेदवारीत नेमके काय शिकावयाचे असते?

संस्था आणि तिचे काम

उदाहरणादाखल संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, म्हणजे यूएनडीपी ही संस्था घेऊ. १९६५ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दोन जुन्या योजना एकत्र करून ती स्थापन केली. मुख्यालय न्यू यॉर्कला आणि काम सुमारे १७० देशांत व प्रदेशांत. प्रारंभी धरणे, शेती, तंत्रशिक्षण यांसाठी तज्ज्ञ पुरविणे हे तिचे प्रमुख कार्य होते. शीतयुद्ध संपल्यानंतर चित्र पालटले. देशादेशांतील युद्धांपेक्षा देशांतर्गत यादवी अधिक रक्त सांडू लागली. १९९२ मध्ये तत्कालीन सरचिटणीस बुट्रोस बुट्रोस-घाली यांनी 'शांततेसाठी कार्यक्रमपत्रिका' सादर केली आणि 'शांततेची उभारणी' ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांच्या व्यवहारात रूढ झाली. शस्त्रसंधी झाला म्हणजे शांतता आली असे नव्हे. शस्त्र पुन्हा उचलावेसे वाटू नये अशी व्यवस्था समाजात उभी राहावी लागते, हा तिचा गाभा. २००५ च्या डिसेंबरात त्यासाठी स्वतंत्र आयोगही नेमला गेला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्र लोकशाही निधीला भारताने एक कोटी डॉलर देऊ केले, हेही येथे लक्षात घ्यावे.

अशा संस्थेत सहा आठवडे ते सहा महिने राहणारा उमेदवार काय करतो? तो करार घडवून आणत नाही की शांततेची बोलणी करीत नाही. बैठकीचे टिपण लिहिणे, स्थानिक वृत्तपत्रांतील बातम्यांचा गोषवारा काढणे, दोन देशांच्या निवडणूक कायद्यांची तुलना मांडणे, कार्यशाळेची तयारी करणे, अहवालातील तक्ते तपासणे, हीच त्याची कामे. बाहेरून रुक्ष दिसणारी. वस्तुतः खरे शिक्षण याच रुक्ष तक्त्यांत दडलेले असते. ते कसे, हे पाहण्यासाठी आपल्या शेजारच्या नेपाळकडे वळू.

'अयोग्य' : एका शब्दाची जखम

फेब्रुवारी १९९६ ते नोव्हेंबर २००६ या काळात नेपाळ माओवादी सशस्त्र संघर्षात होरपळला. सुमारे १७ हजार माणसे प्राणास मुकली. २००५ च्या नोव्हेंबरात सात राजकीय पक्ष आणि माओवादी यांच्यात बारा कलमी समझोता झाला, तो दिल्लीत. २१ नोव्हेंबर २००६ रोजी सर्वंकष शांतता करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. पुढे प्रश्न होता तो छावण्यांत आलेल्या हजारो माओवादी लढवय्यांचा.

सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत त्यांना ठेवण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या पथकांनी एकेकाची मुलाखत घेऊन नोंद केली. १९,६०२ जण पडताळणीत लढवय्ये म्हणून मान्य झाले. ४,००८ जण मात्र वगळले गेले. त्यांपैकी २,९७३ जण शस्त्रसंधीच्या वेळी अठरा वर्षांखालील होते आणि १,०३५ जण शस्त्रसंधीनंतर भरती झालेले होते. नियम उचित होता. बालकांना सैनिक मानता येत नाही. परंतु कागदोपत्री त्यांच्यावर जो शिक्का बसला, तो होता 'अयोग्य'. नेपाळीतला हा शब्द मराठीतही तोच आणि तितकाच बोचरा.

क्षणभर विचार करा. कोवळ्या वयात जिला शाळेतून उचलून नेले, जिने डोंगरदऱ्यांत रात्री काढल्या, तिला २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत छावणीतून घरी पाठविताना सांगितले गेले की ती अयोग्य आहे. गावात शेजारी विचारणार, 'कशासाठी अयोग्य?' तिने काय उत्तर द्यावे? यूएनडीपी, युनिसेफ, लोकसंख्या निधी आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून या मुलांसाठी पुनर्वसनाची योजना आखली. व्यवसाय प्रशिक्षण, लहान उद्योगासाठी साहाय्य, शालेय शिक्षण आणि आरोग्यसेवेचे प्रशिक्षण असे चार मार्ग ठेवले. योजना प्रामाणिक होती. तथापि अनेकांच्या मनातील सल प्रशिक्षणाने गेला नाही. त्यांनी पुढे संघटित होऊन ज्या मागण्या केल्या, त्यांत हा 'अयोग्य' शिक्का पुसावा, ही मागणी होती.

तक्त्यातील स्तंभाचे शीर्षक ही कारकुनी बाब वाटते. ते शीर्षक लिहिणारा कोणीतरी असतो, तपासणारा कोणीतरी असतो. कदाचित एखादा उमेदवारच. ४,००८ ही संख्या लिहिताना ज्याला ४,००८ चेहरे आठवतात आणि जो वरिष्ठांना नम्रपणे विचारतो, 'साहेब, हा शब्द बदलता येईल का?', तो शांततेच्या उभारणीचा पहिला धडा शिकला असे समजावे. अर्जावर मिळणारे प्रमाणपत्र त्यानंतरचे.

किल्ली कोणाकडे?

दुसरा धडा त्याच छावण्यांतील. माओवाद्यांच्या ३,४७५ शस्त्रांची नोंद झाली आणि शस्त्रे पोलादी पेट्यांत बंद करण्यात आली. त्यांवर संयुक्त राष्ट्रांचा अहोरात्र पहारा होता. कुलपाची किल्ली मात्र त्या छावणीच्या माओवादी सेनानीकडेच राहिली. नेपाळी लष्करानेही तितकीच शस्त्रे अशाच रीतीने बंद केली. किल्ली ज्याची त्याच्याकडे आणि पहारा तटस्थाचा, असा हा समझोता होता. हरलेल्याकडून शस्त्रे काढून घेण्यापेक्षा, कोणालाही हरवल्यासारखे वाटू न देता ती ठेवून देण्याची ही युक्ती.

परक्या संस्थेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका किल्लीत सामावलेली आहेत. बाहेरचा माणूस पहारा देऊ शकतो, नोंदी ठेवू शकतो, इतर देशांचे अनुभव पुढे मांडू शकतो. कुलूप उघडायचे की नाही, हे घरच्यांनीच ठरवावयाचे असते. संयुक्त राष्ट्रांचे हे पथक जानेवारी २०११ मध्ये नेपाळमधून परत गेले. लढवय्यांचे पुढे काय करावयाचे, हा सर्वांत अवघड निर्णय त्यानंतर नेपाळींनी स्वतःच घेतला. २०१२-१३ मध्ये सुमारे चौदाशे जण राष्ट्रीय सैन्यात सामावले गेले आणि १५ हजारांहून अधिक जणांनी रोख रक्कम घेऊन स्वेच्छानिवृत्ती पत्करली.

संविधानाचेही तसेच. २००८ मध्ये ६०१ सदस्यांची संविधानसभा बसली; मुदतवाढीवर मुदतवाढ घेऊनही तिच्या हातून संविधान पूर्ण झाले नाही. यूएनडीपीच्या साहाय्याने काठमांडूत संविधानविषयक संवाद केंद्र चालले, चर्चा झाल्या, पुस्तिका निघाल्या. तरीही २०१३ मध्ये दुसरी संविधानसभा निवडावी लागली आणि २० सप्टेंबर २०१५ रोजी संविधान जाहीर झाले. जाणकार सल्ला देतात. एकमत मात्र उसने आणता येत नाही.

संस्था उभ्या राहिल्या, विश्वासाचे काय?

२०१७ मध्ये नेपाळात तब्बल वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या. ७५३ स्थानिक संस्थांत सुमारे ३५ हजार प्रतिनिधी निवडून आले, त्यांत १४ हजारांहून अधिक स्त्रिया. प्रत्येक प्रभागात एक जागा दलित स्त्रीसाठी. कोणत्याही अहवालात अभिमानाने मांडावी अशी ही प्रगती.

आणि तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर तरुणाई उतरली. समाजमाध्यमांवरील बंदी हे तात्कालिक निमित्त. भ्रष्टाचार, बेकारी आणि नेत्यांच्या मुलाबाळांचा थाटमाट यांविषयीचा संताप वर्षानुवर्षे साचलेला होता. सत्तरहून अधिक बळी गेले. संसद भवन आणि सिंहदरबार आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर हंगामी पंतप्रधानपद स्वीकारले ते माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात राज्यशास्त्र शिकलेल्या या विदुषी नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान ठरल्या.

यावरून नेपाळातील दहा-पंधरा वर्षांचे काम वाया गेले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. बंदुका पुन्हा छावण्यांतून बाहेर आल्या नाहीत, हे लहान यश नव्हे. पण संघर्षकाळातील अत्याचारांच्या साठ हजारांहून अधिक तक्रारी सत्यशोधन आयोगापुढे आल्या आणि त्यांना न्याय देण्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. सभागृहे उभी राहिली, नियम झाले, प्रशिक्षणे झाली. शासन आपले आहे हा विश्वास मात्र तरुणांच्या मनात रुजला नाही. तो मोजण्याचा स्तंभ कोणत्याही तक्त्यात नसतो. म्हणूनच उमेदवाराने कार्यालयाबाहेर पडून चहाच्या टपरीवर, बाजारात, बसमध्ये कान उघडे ठेवावयाचे असतात.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी

उमेदवारी म्हणजे नोकरीचे आश्वासन नव्हे, हे आधी समजून घ्यावे. पदवीच्या अंतिम वर्षातील, पदव्युत्तर वर्गातील किंवा नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी यासाठी पात्र असतात. यूएनडीपीत पूर्वी ही उमेदवारी बिनपगारी असे. अलीकडे ज्यांना अन्यत्र साहाय्य नाही, त्यांना खर्चाचा काही भाग भागेल असा भत्ता मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात मात्र ती बिनपगारीच राहिली आहे. प्रवास, व्हिसा आणि निवास यांची तजवीज उमेदवारानेच करावयाची. २०१५ मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडच्या एका तरुण उमेदवाराने सरोवरकाठी तंबूत मुक्काम केला आणि जगभर चर्चा झाली. गरीब घरातील बुद्धिमान मुलाने या दारातून आत यावे कसे, हा प्रश्न तेव्हापासून अधिक मोठ्याने विचारला जाऊ लागला.

आणखी एक सावधगिरी. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था अर्जासाठी, मुलाखतीसाठी वा निवडीसाठी कोणतेही शुल्क घेत नाहीत. पैसे मागणारा मध्यस्थ खोटा समजावा. शिवाय या संस्था बहुतांशी देणगीदार देशांच्या निधीवर चालतात. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड ही विकास संस्था बंद झाली आणि जगभरातील कित्येक प्रकल्प एकाएकी थांबले. दुसऱ्याच्या तिजोरीवर उभ्या असलेल्या कामाला असा धोका नेहमीच असतो.

पहिली उमेदवारी घराजवळ

अखेरीस एक सूचना. परदेशी कार्यालयात अर्ज पाठविण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपल्याच गावच्या ग्रामसभेत बसून पाहावे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक स्थान मिळाले. कोण बोलतो, कोण गप्प बसतो, महिला सरपंचाऐवजी तिचा पतीच उत्तरे देतो का, ठराव आधीच लिहून आणलेला असतो का, हे टिपून ठेवावे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधावरची भांडणे आणि भावकीचे दावे गावातच समेटाने मिटावेत, हा तिचा हेतू. तेथे काय साधले, कोठे दुबळ्याला 'मिटवून घे' म्हणून दडपले गेले, हे आपल्या गावच्या जाणत्यांना विचारावे. शांततेच्या उभारणीवरील कोणत्याही ग्रंथाइतके ते शिकवील.

ज्याने आपल्या गावातील गप्प बसलेली माणसे पाहिली आहेत, तोच काठमांडूच्या सभागृहातील शांत कोपरा ओळखू शकेल. तोच परक्या देशात शिकविण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी जाईल. आणि आपल्या हाती पहारा आहे, किल्ली नाही, याचे भान त्याला सुटणार नाही.

तेव्हा पालकहो, मुलगी वा मुलगा अशा उमेदवारीसाठी निघाला तर 'पुढे काय?' हे अवश्य विचारा. परंतु तो परत येईल तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : 'तिथली किती माणसे तुला नावाने आठवतात?' या प्रश्नाचे उत्तर देताना त्याचा चेहरा उजळला, तर त्याची उमेदवारी सार्थकी लागली.