वस्तूंतून घडणारा विवेक
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या संस्थेचा इतिहास सभांच्या इतिवृत्तांत नोंदलेला असतो, तसाच तो भांडीखोलीतही जपलेला असतो. तेथे रचून ठेवलेल्या ताटांच्या काठांवर आणि पातेल्यांच्या गळ्याशी देणगीदारांची नावे कोरलेली असतात. कोणी आईच्या स्मरणार्थ ताटे दिलेली असतात, कोणी वर्षीतपाच्या पारण्यानिमित्त पाण्याची पिंपे. लग्नकार्याला आणि स्वामीवात्सल्याला ही भांडी मोजून नेली जात आणि मोजून परत येत. एखादे ताट कमी भरले तर त्याचा शोध घेतला जाई. कारण त्यावर कोणाच्या तरी घरच्या माणसाचे नाव असे.

पुढे थर्मोकोलची ताटे आणि प्लास्टिकचे पेले आले. घासण्याचे कष्ट नाहीत, मोजदाद नाही, तुटफुटीची चिंता नाही. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून थर्मोकोलच्या व प्लास्टिकच्या अशा वस्तूंवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंना देशभरात मनाई झाली. तरीही अनेक ठिकाणी जुनी ताटे बाहेर निघाली नाहीत. एका फेकायच्या वस्तूची जागा दुसऱ्या फेकायच्या वस्तूने घेतली.

याचा अर्थ समाजाची श्रद्धा उणावली, असा काढणे अन्यायाचे होईल. अपरिग्रहाचे व्याख्यान मन लावून ऐकणारा श्रावकच मंडपात जाऊन फेकायचा पेला उचलतो, कारण टेबलावर तोच ठेवलेला असतो. मनुष्य काय मानतो यावर त्याचे वर्तन जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या हाताशी काय ठेवले आहे यावरही अवलंबून असते. उपदेश कानावर पडतो. वस्तू हातात येते. दोहोंची दिशा एक असेल तर सद्वर्तन सोपे होते आणि दिशा भिन्न असेल तर बहुधा वस्तूच जिंकते. म्हणूनच वस्तूंच्या रचनेचा, म्हणजे ज्याला आज सर्रास डिझाइन म्हटले जाते त्याचा, विचार धर्माचरणापासून फार दूरचा नाही.

डिझाइन म्हणजे वरची नक्षी किंवा आकर्षक वेष्टन, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील रचनाकार दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांनी या देशात प्रवास केला आणि 1958 साली आपला अहवाल सादर केला. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो साधा लोटा. लोटा घडवताना किती गोष्टींचा विचार झाला असेल, याची त्यांनी यादीच मांडली: त्यात पाणी किती मावावे, तो हातात, कमरेवर वा डोक्यावर कसा राहावा, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा असावा, धार कशी पडावी, आतून तो कसा घासला जावा, त्याची किंमत किती असावी आणि वापर संपल्यावर त्या धातूचे मोल किती उरावे. असा लोटा कोणा एका माणसाची निर्मिती असू शकत नाही, अनेक पिढ्यांच्या हातांनी तो घडला, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अहवालानंतर 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत साराभाई या जैन कुटुंबातील गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांचा मोठा वाटा होता.

ईम्स यांच्या यादीतील धातूच्या उरणाऱ्या मोलाचा प्रश्न आज सर्वांत महत्त्वाचा ठरला आहे. पितळेच्या भांड्याला कल्हई लागत असे, चेपलेले भांडे ठोकून सरळ केले जाई आणि अगदी निरुपयोगी झाले तरी मोडीत त्याचे पैसे येत. पुण्याच्या तांबट आळीसारख्या वस्त्या या व्यवहारावर उभ्या राहिल्या. वस्तूचा शेवट तिच्या जन्माच्या वेळीच ठरवलेला होता. फेकायच्या पेल्याचा विचार मात्र ओठांपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंतच झालेला असतो. पुढे घंटागाडी, कचरा डेपो आणि त्या डेपोशेजारी राहणारी माणसे यांचा विचार ज्याने त्याने आपापला करावा, असे गृहीत धरलेले असते.

चांगली रचना निवड सोपी करते, याचे एक उदाहरण प्रत्येक जैन स्वयंपाकघरात सापडते. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरील हिरवा ठिपका 2001 साली केलेल्या नियमांनी आला. त्याआधी पाकिटातील पदार्थ शाकाहारी आहे की नाही, हे बारीक अक्षरांतून शोधावे लागे आणि ज्याला वाचता येत नाही त्याला विचारावे लागे. एका छोट्या चौकोनाने हा प्रश्न निकाली काढला. पुढे एक उणीवही लक्षात आली. हिरवा आणि तपकिरी हे रंग ज्यांना वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांना दोन्ही ठिपके सारखेच दिसतात. म्हणून 2020 च्या नियमांत मांसाहाराच्या खुणेसाठी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण योजला गेला. रंग ओळखता आला नाही, तरी आकार ओळखता येतो. दुसऱ्याच्या अडचणीचा असा विचार म्हणजेच रचनेतील करुणा.

अर्थात हिरवा ठिपका विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. कांदा, लसूण, बटाटा यांविषयी तो मौन बाळगतो. त्यासाठी जैन गृहिणीला आजही पाकीट उलटवून घटकांची यादी वाचावी लागते. वीज वाचवणाऱ्या उपकरणांवरील ताऱ्यांची गोष्टही तशीच आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2006 साली ही योजना सुरू केली. एक ते पाच तारे पाहून कमी वीज लागणारा फ्रिज कोणता, हे कोणालाही कळते. परंतु निकष वेळोवेळी कडक होत जात असल्याने ताऱ्यांबरोबर लेबलावरील वर्षही पाहावे लागते. खूण विवेकाला मदत करते. विवेकाची जागा घेत नाही.

आता या विचाराची कसोटी जेथे खरी लागते, त्या भोजनमंडपाकडे वळणे योग्य होईल. उष्टे टाकू नये, हे प्रत्येक घरात शिकवले जाते. तरीही बुफेच्या शेवटी पिंपे भरून अन्न जाते. त्याचे कारण पुष्कळदा हावरेपणात नसून मांडणीत असते. पुन्हा रांगेत उभे राहावे लागेल या धास्तीने मोठ्या ताटात सर्व पदार्थ एकदाच भरून घेतले जातात. पंगतीत ही धास्ती नसे. वाढपी पुन्हा येणार हे ठाऊक असे, म्हणून प्रथम थोडे घेतले जाई. नॉर्वेतील हॉटेलांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हेच दाखवून दिले. काही हॉटेलांनी ताटांचा आकार थोडा लहान केला. अन्य काहींनी पुन्हा पुन्हा येऊन घेण्यास संकोच करू नये, अशी पाटी लावली. दोन्ही उपायांनी वाया जाणारे अन्न सुमारे 20 टक्क्यांनी घटले आणि पाहुण्यांच्या समाधानात उणेपणा आला नाही. कोणाला दटावले नाही, कोणाचे ताट तपासले नाही.

जुन्या जैन घरांतील रीतिरिवाज या दृष्टीने पाहिले, तर त्यांत किती खोल योजना होती ते ध्यानात येते. हंड्याच्या तोंडावर दुहेरी वस्त्राचे गाळणे कायम बांधलेले असे. पाणी गाळण्याची आठवण निराळी करून द्यावी लागत नसे. गाळल्यावाचून पाणी हंड्यात पडतच नसे. गाळण्यावरील जीव पुन्हा त्याच पाण्यात सोडण्याची रीतही त्या कृतीलाच जोडलेली होती. जेवण संपल्यावर ताटात थोडे पाणी घेऊन, ते धुऊन पिऊन टाकण्याची सवय होती. ज्याला ते पाणी स्वतःच प्यायचे आहे, तो ताटात नको ते घेत नाही. अन्नाचा कण वाया जात नाही, आणि ताट पुढे घासण्यास पाणीही कमी लागते. एकाच कृतीत संयम, जीवदया आणि बचत गुंफलेली होती.

म्हणून प्रश्न जुने परत आणण्याचा नाही. जुन्यातील योजना आजच्या मंडपाला कशी लागू करावी, हा आहे. येथे अडचणी लपवून चालणार नाही. स्टीलची ताटे घासण्यास पाणी लागते, मनुष्यबळ लागते आणि घासणाऱ्या भगिनींना योग्य रोजही दिला पाहिजे. फेकायचे ताट यजमानाला स्वस्त वाटते, कारण त्याच्या विल्हेवाटीचा खर्च त्याच्या हिशेबात येत नाही, तो गावाच्या माथी पडतो. हा हिशेब विश्वस्तांनी एकदा कागदावर मांडणे इष्ट ठरेल. सभागृहाच्या भाड्यातच ताटे आणि घासणावळ समाविष्ट केली, तर ती मागावी लागणार नाहीत, आपोआप मिळतील. ज्याला फेकायची ताटे हवी असतील, त्याला ती वेगळी मागावी लागतील. केवळ एवढ्या बदलाने निवडीचा कल पालटतो.

अन्य गोष्टीही फार खर्चाच्या नाहीत. ताटे मध्यम आकाराची असावीत. ज्येष्ठांसाठी पंगत आणि इतरांसाठी बुफे असला, तरी मिष्टान्न व भात जागेवर वाढला जावा. पाण्याच्या पिंपाजवळ पेले आणि उष्टी ताटे ठेवण्याच्या जागेजवळ धुण्यासाठी पाण्याचे तांबे असावेत. उरलेले अन्न दर कार्यक्रमानंतर वजन करून त्याचा आकडा दर्शनी फळ्यावर लिहिला जावा. त्यात कोणाचे नाव नको, टीका नको. मागील कार्यक्रमाचा आकडा शेजारी असला म्हणजे पुरे. फळ्यावरील आकडा कमी व्हावा, अशी इच्छा पाठशाळेतील मुलांच्या मनात आपोआप जागते. आकडा मांडण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले, तर ती घरीही हा विषय काढतात. भिंतीवरच्या दहा सुविचारांपेक्षा असा एक आकडा अधिक बोलतो.

एक सावधगिरीही हवी. रचनेचे सामर्थ्य सत्यासाठी वापरता येते, तसे भुलवण्यासाठीही. हिरवी पाने छापलेले वेष्टन आतील वस्तूला निर्दोष करीत नाही. अशा फसव्या पर्यावरणीय दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 साली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. समाजाची स्वतःची कसोटी त्याहून जुनी आहे: वस्तू जे सांगते ते खरे आहे काय, आणि तिच्यामुळे होणारी हिंसा कमी झाली की केवळ दृष्टीआड गेली?

बंधू-भगिनींनो, ज्यांची नावे ताटांवर कोरलेली आहेत, त्यांच्यापैकी अनेकजण आज हयात नाहीत. हजारो लोकांनी आपल्या नावाच्या ताटात जेवावे, एवढीच त्यांची साधी इच्छा होती. ती ताटे आजही शाबूत आहेत आणि आणखी पन्नास वर्षे टिकतील. सुवर्णमहोत्सवाच्या स्मृती जपण्यासाठी नवीन स्मारक उभारले जाईल तेव्हा जावो. त्याआधी भांडीखोलीचे कुलूप निघावे आणि येत्या स्वामीवात्सल्यात ती ताटे पुन्हा मोजून बाहेर यावीत. नाव वाचून एखाद्या नातवाने विचारावे, हे कोण होते? आणि त्याला उत्तर देणारे कोणी तरी शेजारी बसलेले असावे.

जय जिनेंद्र.