प्रेसमधून आलेला पत्रा



आज मी तुम्हा विद्यार्थ्यांपुढे गाडीच्या पत्र्याचा विषय मांडणार आहे, कारण उद्या त्याच्या भरवशावर माणसं प्रवास करणार आहेत आणि त्याचं गणित तुम्ही करणार आहात. वाकलेली तार सरळ करायला गेलं, की बाक आला होता तिथेच ती अडते. वाकताना ती तिथे कडक झालेली असते. पत्र्याचंही तसंच आहे. सपाट कापलेला पत्रा, म्हणजे ब्लँक, डायमध्ये (साच्यात) ओढून त्याचा लाँग मेंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातला लांब उभा भाग, केला, की तो काही जागी पातळ होतो, ताणला गेला तिथे कडक होतो आणि आत थोडा ताण शिल्लक ठेवतो. तरीही धडकेचं सिम्युलेशन करताना कित्येकदा त्याला कोऱ्या पत्र्याची जाडी आणि कोऱ्या पत्र्याचीच ताकद दिली जाते. प्रेसमध्ये जे घडलं ते धडकेच्या गणितात उतरलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

किती फरक पडतो ते पाहा. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीत समोरच्या धडकेचा वेग ताशी ६४ किलोमीटर आहे. त्या वेगाला १५०० किलोच्या गाडीत सुमारे २३७ किलोज्यूल ऊर्जा असते. तिचा मोठा वाटा पुढच्या भागाने घड्या पडत पचवायचा असतो. चौकोनी पोकळ नळी अशी चेपताना तिचा सरासरी विरोध जाडीच्या ५/३ घाताच्या प्रमाणात बदलतो, हे व्येझबित्स्की आणि अब्रामोविच यांनी १९८३ मध्ये मांडलं. म्हणजे जाडी सगळीकडे १० टक्के घटली, तर विरोध सुमारे १६ टक्के घटतो. यावर कुणी म्हणेल, कडकपणा वाढल्याने ती तूट भरून निघते. काही अंशी निघतेही. पण अशा भागांत वापरलं जाणारं ड्युअल-फेज पोलाद थोड्याशा ताणानेही बरंच कडक होतं, त्यामुळे कडकपणाची वाढ आणि जाडीची घट जागोजागी जुळत नाहीत. आणि पहिली घडी कुठे पडणार, हे अशा जागाच ठरवतात. शिवाय आधी ताणलेल्या पत्र्यात तुटण्यापूर्वी आणखी ताणलं जाण्याची क्षमता कमी उरते.

दुसरा आक्षेप असा, की आराखड्याच्या वेळी डायच ठरलेली नसते. त्यासाठी तयार आकारावरून सपाट पत्र्याकडे उलट जाणारी एका टप्प्याची पद्धत आहे. जाडी किती उरली आणि पत्रा किती ताणला गेला, याचा ती कामापुरता अंदाज देते. आधी हे दोन आकडे घ्या, शिल्लक ताणाचा प्रभाव बहुधा कमी असतो. शेवटी खरी गाडी आदळून पाहतातच, हेही खरं. पण चाचणी एका गाडीची, एका परिस्थितीतली असते. आकडे ओढूनताणून तिच्याशी जुळवलेलं गणित पुढच्या गाडीला दगा देतं.

तुमच्या अभ्यासक्रमात उत्पादन आणि संरचना हे वेगळे पेपर असतील. पत्र्याला मात्र ती विभागणी ठाऊक नाही. म्हणून प्रेसशॉपमध्ये काय घडलं, हे विचारल्याशिवाय धडकेचं गणित सुरू करू नका. त्या प्रश्नाच्या पलीकडे गाडीत बसलेलं एक कुटुंब आहे.