आधी वर्ग बदलूया

(अंबरनाथ एमआयडीसी परिसरातील शिक्षक व पालकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कारखान्यांच्या या वसाहतीत वेळापत्रकाचे महत्त्व कोणास सांगावयास नको. पाळी अचानक बदलली की जाणत्या माणसाचीही झोप आणि जेवण बिघडते. स्वमग्न मुलाला तर शाळेतील लहानसा अनपेक्षित बदलही हादरवून टाकतो. ते ओरडते, कान झाकते, वर्गाबाहेर धावते आणि आपण निदान करून मोकळे होतो, 'आईने लाडावून ठेवले आहे.'

हा दोषारोप जुनाच आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर अनेक वर्षे आईच्या कोरडेपणाला त्याचे कारण मानले गेले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ते मत खोडून काढले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, हे आज सर्वमान्य आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एकच आहे : मुलाला बदलण्याआधी वर्ग बदलूया. त्याला फार पैसा लागत नाही. दिवसभराचे तास चित्रांच्या पट्टीवर क्रमाने लावावेत आणि संपलेल्या तासाचे चित्र मुलाच्याच हाताने काढवावे. बदल होणार असेल तर तो आधी दाखवावा. सूचना चार शब्दांत द्यावी आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबावे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याजवळ 'पाणी', 'शौचालय', 'दुखते', 'पुरे' अशी चित्रे असावीत. चित्रांमुळे बोलणे खुंटते ही भीती अनाठायी आहे. गोंगाट असह्य झाल्यास बसण्यासाठी एक शांत कोपरा असावा, मात्र तो शिक्षेचा कोपरा होऊ नये.

काही मुलांना स्वमग्नतेसोबत फिट्‌स येतात, बौद्धिक अक्षमता वा श्रवणदोषही असतो. त्यांच्यासाठी घर आणि शाळा यांच्यात एक वही रोज फिरावी. औषध, झोप, भूक यांबरोबरच वडिलांची पाळी बदलली असेल तर तेही तीत लिहावे. मुलाच्या अस्वस्थतेचे कारण पुष्कळदा त्या एका ओळीत सापडते.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला परिसरातील शाळेत किंवा निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु कायदा दारापर्यंत आणून सोडतो. आत बसलेले मूल महिन्याभराने शाळा सोडून घरी बसेल की शिकेल, हे शिक्षकाच्या धीरावर आणि शेजारच्या बाकावरील मित्रांवर ठरते. त्या मित्रांना समजावून सांगणे हे आपणा पालकांचे काम आहे. ते आज घरी गेल्यावर करावे, एवढीच विनंती.