पडद्यावरचं कासव

रत्नागिरीत आमच्या हौशी मंडळींची एकांकिका बसत होती. शेवटच्या प्रवेशात मागच्या पडद्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दाखवायची होती. नाटकातली गाणी माझी, म्हणून चित्रफीत शोधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं!

इंटरनेटवर ढीगभर चित्रण आहे. पण वाळू पांढरीशुभ्र, पाणी निळंशार आणि कासव भलत्याच जातीचं. आमच्या प्रेक्षकांत मिरकरवाड्याचे खलाशी असतात. जाळ्यात आलेलं कासव सोडवणारी ही माणसं, त्यांना काय फसवणार? शिवाय दिसतं ते फुकट नसतं. १९५७च्या कायद्यानं अशा चित्रणालाही प्रकाशनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क आहे. प्रयोग छोटा म्हणून परवानगी टळत नाही.

मग नजर आपल्याच जिल्ह्याकडे वळली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात हलवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात, ती सकाळ-संध्याकाळ सोडतात.

दिग्दर्शकाला मात्र रात्र हवी होती, वर दिव्याचा झोत. मी अडून बसलो. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात. किनाऱ्यावर दिवा लावला तर समुद्र सोडून दिव्याकडेच येतील. आमच्या टाळ्यांसाठी त्यांची वाट चुकवायची?

शेवटी एका हौशी छायाचित्रकाराकडून संध्याकाळी टिपलेलं दीड मिनिटाचं चित्रण लेखी परवानगीनं मिळालं. करड्या वाळूवर इवलीशी काळपट पिल्लं. रात्र आम्ही रंगमंचावर निळ्या दिव्यांनी केली.