‘चांदनी बार’ पाहिल्यावर
(युवा शिबिरात चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सिनेमा संपला तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, “शेवटी बारमध्ये गेलं की असंच होणार.” त्याचं नाव मी घेणार नाही. त्याच्यावर रागही नाही. त्याच्या वयाची असताना मीही हेच म्हणत होते. म्हणूनच आज तुमच्याशी बोलायला उभी आहे.

आधी सिनेमाविषयी. मधुर भांडारकरांचा ‘चांदनी बार’ 2001 च्या सप्टेंबरमध्ये आला. त्याला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मुमताज झालेली तब्बू, पोट्या सावंत झालेले अतुल कुलकर्णी आणि दीपा झालेल्या अनन्या खरे यांना अभिनयाचे आणि चौथा सामाजिक विषयावरील चित्रपटाचा. बार, टोळी, पोलीस, गोळीबार असं गुन्हेगारीपटाचं सगळं साहित्य यात आहे. पण कथा गुंडाची नाही, त्या बारमध्ये नाचणाऱ्या बाईची आहे.

आता मला सांगा, मुमताज बारमध्ये ‘गेली’ का? उत्तर प्रदेशातल्या दंगलीत तिचे आई-वडील मारले गेले, घर जळालं. मामूचं बोट धरून ती मुंबईत आली. मला नोकरी मिळेपर्यंत थोडे दिवस काम कर, असं सांगून मामूनेच तिला बारमध्ये पाठवलं. तिच्या पैशावर तो बसून खाऊ लागला. आणि तिच्यावर बलात्कार झाला तो बारमध्ये नाही, घरात झाला. करणारा गिऱ्हाईक नव्हता, सख्खा मामू होता.

आपण पोरींना काय सांगतो? बाहेरचं जग वाईट आहे, घरात राहा. हा सिनेमा सांगतो की घराच्या दाराला आतून कडी असते आणि ती कडी कुणाच्या हातात आहे तेही पाहावं लागतं. मोहल्ल्यात आपण बारवर बोलतो, व्हिडिओवर बोलतो, कपड्यांवर तर रोजच बोलतो. मामूवर बोलत नाही. नातं मोडेल, इज्जत जाईल म्हणून गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याची किंमत मुलगी मोजते.

पुढे पोट्या सावंत तिच्याशी लग्न करतो. एक मुसलमान, एक हिंदू. सिनेमा त्याचा तमाशा करत नाही. दोघंही ज्या शहरात जगतात तिथे गरिबाला धर्म विचारण्याआधी हप्ता विचारला जातो. मग पोट्या चकमकीत मारला जातो. आपल्यातले अनेक जण अशा चकमकींच्या दृश्यांना टाळ्या वाजवतात. पण कोर्टात उभं न करता माणूस मारण्याची सवय लागलेली यंत्रणा उद्या कुणाच्या दारात येईल याची खात्री कुणी द्यायची?

मुमताजच्या दारात ती आली मुलासाठी. अभय अभ्यासात बरा होता. त्याला खंडणीच्या संशयावरून उचललं, बालसुधारगृहात टाकलं. तिथे दोन मुलांनी त्याच्यावर अत्याचार केला. त्याला सोडवायला आईने शरीर विकलं, तरी पैसे पुरले नाहीत, तेव्हा मुलगी नाचायला उभी राहिली. सुटून आलेल्या अभयने त्या दोघांना गोळ्या घातल्या.

इथे मला सिनेमाशी भांडायचं आहे. शेवट असा केला आहे की आपल्याला वाटावं, आई बारवाली म्हणजे मुलगा गुंड होणारच, मुलगी नाचणारच. जणू नशिबात लिहिलेलं होतं. मला हे मान्य नाही. अभयला गुंड बारने केलं नाही. संशयावरून पकडणारे पोलीस, पैशाशिवाय न हलणारी कचेरी आणि मुलांचं रक्षण न करणारं सुधारगृह, या तिघांनी ते केलं. यातलं एकही नशीब नाही, सगळी माणसांची कामं आहेत. म्हणजे ती बदलता येतात.

म्हणून वहीत चार ओळी लिहून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी अशा मुलाला जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो. स्त्रीचं उत्पन्न किती, हे तिथे विचारलं जात नाही. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, 15100 हा त्यांचा फोन आहे. मुमताजला हे सांगणारं कुणीही नव्हतं. तुमच्या गल्लीतल्या मुमताजला सांगणारं कुणी असेल का, ते तुमच्यावर आहे.

आता माझी गोष्ट. मी कुर्ल्याच्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर एक खाला राहायच्या. त्या बारमध्ये कामाला होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी तोंडावर बोलत नव्हतं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. दर ईदला खाला शीरखुर्म्याचा कटोरा पाठवायच्या. माझी अम्मी तो घ्यायची, धुवायची आणि रीतीप्रमाणे त्यात साखर घालून परत द्यायची. भांडं रिकामं परत जात नसे. पण त्यातला शीरखुर्मा आम्ही कधी खाल्ला नाही. “हराम की कमाई का है,” अम्मी म्हणायची आणि तो मोरीत जायचा.

2005 साली सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. गृहमंत्री आर. आर. पाटील होते. ऑगस्टमध्ये डान्सबार बंद झाले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. म्हणजे नाच तोच, पण श्रीमंतांसमोर केला तर चालेल. आमच्या चाळीत आनंद झाला. मलाही झाला. बरं झालं, घाण गेली, असं आम्ही म्हणालो. खालांचं घर कसं चालेल हे कुणी विचारलं नाही.

आम्ही बारावीत होतो. दिवाळीच्या आधी ती मुलगी माझ्याकडे आली. परीक्षेच्या फॉर्मचे पैसे भरायचे राहिले होते. माझ्याजवळ शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, ट्रंकेत, कपड्यांखाली. मी म्हणाले, “नाहीत गं माझ्याकडे.” ती “ठीक है” म्हणाली आणि माझ्याकडून घेतलेली अर्थशास्त्राची वही परत देऊन गेली.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. ईदला कटोरा आला नाही. नवीन वर्ष लागायच्या आत त्या खोलीला कुलूप लागलं. कुठे गेल्या, मला आजही माहीत नाही.

पुढे कोर्टात काय झालं ते सांगते. बारमधल्या मुलींची युनियन लढली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2006 मध्ये ती बंदी घटनाबाह्य ठरवली. 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. ज्या नाचाला बड्या हॉटेलात परवानगी, त्यालाच लहान बारमध्ये बंदी, हा समानतेचा भंग आहे आणि काम करण्याच्या हक्काचाही, असं न्यायालयाने म्हटलं. बंदीमुळे कित्येक स्त्रियांना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं, याचीही नोंद निकालात आहे. सरकारने 2014 मध्ये पुन्हा बंदी आणली, 2016 मध्ये नवा कायदा केला. जानेवारी 2019 मध्ये त्यातल्या अनेक अटी न्यायालयाने रद्द केल्या, वेळेचं बंधन ठेवलं, नोटा उधळायला मनाई ठेवली. चौदा वर्षांची ही लढाई. त्या मुलीची बारावीची परीक्षा मात्र एकाच फेब्रुवारीत होती.

कुणी म्हणेल, तुम्ही बारचं समर्थन करता का? नाही. दारू तुमच्या दीनमध्ये मना आहे, तुम्ही पिऊ नका. तिथे बाईवर नोटा उधळल्या जातात ते तुम्हाला खटकतं, मलाही खटकतं. पण बार वाईट आहे हे म्हणणं वेगळं आणि तिथल्या बाईची भाकर काढून घेणं वेगळं. पहिल्यासाठी तोंड पुरतं. दुसरं काम, मुलांची फी, राहायला खोली हे उभं करायला मात्र खिशात हात घालावा लागतो. आम्ही तोंडावर भागवलं.

आणि गुनाहगार कोण, हेही ठरवू. शीरखुर्म्याची कमाई हराम होती, असं आम्ही धरून चाललो. बारमध्ये नोटा उडवणाऱ्या पुरुषांना मात्र आमच्या चाळीत कुणी ‘बारवाला’ म्हटलं नाही. त्यातले एक-दोन आमच्याच मजल्यावर राहत होते. त्यांच्या घरचा कटोरा आम्ही चाटूनपुसून खात होतो.

तुमच्या वर्गात, वस्तीत अशी एखादी मुलगी आज असेल. आई बारमध्ये असेल, बाप जेलमध्ये असेल, भाऊ ताब्यात असेल. तिच्यासाठी मोर्चा काढायची गरज नाही. तिचा फॉर्म भरला आहे का, एवढं विचारा. भरला नसेल तर चार जणांनी मिळून भरा. ती वही परत द्यायला आली तर घेऊ नका, म्हणावं, परीक्षा झाल्यावर दे.

ती अर्थशास्त्राची वही माझ्याकडे अजून आहे. तिच्या मागच्या पानावर तिने पेन्सिलीने फीचा हिशेब मांडला होता. फार मोठी रक्कम नव्हती.