ग्रहणापुढे पंचांग



विषय ‘विज्ञान आणि श्रद्धा’ असा छापला आहे. गॅलिलिओ आणि डार्विन तुम्ही याच मंडपात कितीदा ऐकले असतील. तिकडे जात नाही. मी बोलणार आहे खुंटीवरच्या पंचांगाबद्दल. आपल्याकडे विज्ञान आणि श्रद्धा खऱ्या अर्थाने एकत्र नांदली ती तिथे, असे माझे ठाम मत आहे.

तिथी कशी मोजतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरला की एक तिथी सरते. एकादशी धरायची की नाही हे श्रद्धा ठरवते, ती लागते केव्हा हे गणित ठरवते. आणि गणित चुकले तर ग्रहण ते चारचौघांत उघडे पाडते. स्पर्शाची वेळ टळून गेली, माणसे नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी, आणि चंद्रबिंब लख्ख! एवढ्या साक्षीदारांपुढे सारवासारव कशी करणार?

यावरून नांदगावचे गणेश दैवज्ञ आठवतात. हे आपले कोकणातले, मुरूडजवळचे नांदगाव. वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेत. मुलाने 1520च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या-चापांची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट आकडेमोड टाळूनही ग्रह काढता येईल असे. पुढे तीन शतकांहून अधिक काळ आपली पंचांगे त्यावर चालली. पण मला त्यातला एक श्लोक फार मोलाचा वाटतो. गणेश सांगतात, सूर्य सूर्यसिद्धान्तातला घ्या, चंद्रही तिथलाच, पण नऊ कला कमी करून. गुरू आर्यपक्ष या दुसऱ्या गणितपरंपरेतला. शनीही आर्यपक्षाचाच, मात्र त्यात पाच अंश मिळवा. पाच अंश! सूर्यसिद्धान्त साक्षात सूर्याने सांगितला अशी ज्यांची परंपरा, ते हे लिहितात. ग्रंथ पूज्य खरा, पण शनी आकाशात जिथे दिसतो तिथे तो गणितानेही आला पाहिजे. एवढी दुरुस्ती करून त्यांची भक्ती तसूभरही ढळली नाही. माझे सगळे म्हणणे या श्लोकात आहे.

आता तोच न्याय उत्तरायणाला लावा. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. आपण संक्रांत करतो 14-15 जानेवारीला. कारण संक्रांत आपण ताऱ्यांवरून मोजतो, आणि दिवसरात्र समान असतात तेव्हाचे सूर्याचे स्थान, म्हणजे संपातबिंदू, ताऱ्यांच्या तुलनेत 72 वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. साधारण 1,700 वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकच होते.

(श्रोत्यांतून : ‘मग तिळगूळ केव्हा वाटायचा?’ हशा.)

तिळगूळ दोन्ही दिवशी वाटा, माझी हरकत नाही! (हशा.) पण कोणी याला धर्मावरचा हल्ला म्हणू नये. मी गणेश दैवज्ञांच्याच वाटेने चाललो आहे, आणि हे मी आग्रहाने सांगतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटे उरलीत. पंचांगाचे गणित सुधारू पाहणारे केरूनाना छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, प्रत्येकाला एकेक संध्याकाळ द्यायला हवी होती. छत्र्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघाले, लोकमान्यांनी तो पक्ष उचलून धरला. वाद राहिला तो राशिचक्राच्या आरंभबिंदूचा, तो रेवती ताऱ्यावरून धरायचा की चित्रा. फरक जेमतेम चार अंशांचा. तेवढ्यानेही अधिकमास वेगळा पडतो आणि एखाद्या वर्षी रेवती धरणारे टिळक पंचांग मानणाऱ्या घरात गणपती महिनाभर आधी येतात. शेजारची मंडळी आरतीला जातात, महिन्याने यजमान त्यांच्याकडे येतात. दोन गणिते, दोन चतुर्थ्या, आणि भांडण नाही! हे समंजसपण मला फार मोठे वाटते.

पुढे शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने संपाताला धरून राष्ट्रीय दिनदर्शिका आखली. ती 22 मार्च 1957पासून लागू झाली. सण मात्र जुन्याच चौकटीत राहिले. पंचांगकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. डिसेंबरातल्या उत्तरायणाच्या दिवसासमोर स्नानदानाचा पुण्यकाल छापा, जानेवारीतला काढू नका, आणि कोणता पाळायचा हे घराघराला ठरवू द्या.