मनोरुग्ण मूल, कायदा आणि कोयता



मनोरुग्णाला रुग्णालयात डांबण्याचा हुकूम १९१२ च्या कायद्यानुसार दंडाधिकारी देत असे. १९८७ च्या कायद्यानेही ती वाट कायम ठेवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती बदलली. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी त्याची स्वतंत्र तपासणी केली पाहिजे. त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवले पाहिजे. ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला कळवले पाहिजे. न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या या मंडळाने, मुक्काम ३० दिवसांपुढे लांबल्यास, सात दिवसांत फेरविचार केलाच पाहिजे. प्रवेशाला हरकत घेणारा अर्जही सात दिवसांत निकालात निघाला पाहिजे.

ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. परंतु पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने अखेरपर्यंत मुलाजवळ राहावे, अशीही अट आहे. बीडचा ऊसतोड मजूर दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात फडावर असतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एकजण मुलापाशी थांबला की उरतो अर्धा कोयता, आणि उचल अंगावर राहते. शिवाय राज्याची पुणे, ठाणे, रत्नागिरी व नागपूर येथील जुनी चार मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेरची.

म्हणून सोबत राहणाऱ्या पालकाला शासनाने बुडीत मजुरी द्यावी, त्या काळात मुकादमाची वसुली थांबवावी आणि मंडळाने सुनावणीसाठी बीड-अंबाजोगाईस यावे. एरवी मंडळ नियमानुसार बसेल, कागद तपासेल. मुलाच्या बाजूने बोलणारे मात्र दूर फडावर ऊस तोडत असतील.